हाय म्हटलं तर नमस्कार

हे लिहायची कारणं दोन हायत. तुमच्यातल्या कोणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर वाचून थोडा धीर यावा, हे एक. आन् दुसरं, सूड. पहिलं कारण मी आईला सांगितलंय. दुसरं फक्त तुम्हाला सांगतोय.

माझं नाव सुजित. गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, पोटापाण्याला महाडात. सगळे मला सुज्या बोलतात. हे नाव ध्यानात ठेवा, पुढे त्यानेच माझा घात केलाय.

धंदा आवाजाचा. इम्तियाज माझा दोस्त, त्याचा टेम्पो आन् साउंड. कापडाचा सेल असो नाय तर कोणाच्या गावची जत्रा, टेम्पोवर भोंगा लावून आम्ही फिरायचो आन् त्या भोंग्यातला आवाज माझा. हळदीला, साखरपुड्याला नकला. एसटीचा कंडक्टर. रायगडाखालच्या हिरकणीवाडीतला गाईड, जो पाहुण्याचं तोंड बघूनच ओळखतो की हा इतिहास ऐकणार का पिठलं-भाकरी खाणार. गल्फवरून आलेला चाचा, ज्याला आता महाडचं ऊन सोसत नाय. आमचे मुख्याध्यापक तर एकदा स्वतःची नक्कल ऐकून बोलले, "सुज्या, पुढच्या पालक सभेला तूच ये."

मग आवाज बसला.

माझा घसा टॅबवर

पहिल्यांदा कोणी मनावर घेतलं नाय. आईने हळद-मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. इम्तियाजच्या अम्मीने काढा पाठवला, तो प्यायल्यावर घसा राहिला बाजूला, डोळ्यांतून पाणी. आईचं एकच, "बोलून बोलून झिजलाय तो. मशीन पण बंद ठेवतात रे मधीमधी."

एका हळदीत मी सासू-सुनेचं भांडण करत होतो. सासू आली, सून आलीच नाय. सुनेचा बारीक आवाज काढायला गेलो की नुसता वारा. लोक पोट धरून हसले. त्यांना वाटलं, ही नवीन नक्कल हाय. मी घाबरलो तो तेव्हा.

महाडातल्या एका दवाखान्यात घशाच्या सर्जन मॅडम पुण्याहून यायच्या. त्यांनी नाकातून एक बारीक नळी आत घातली आन् समोर टॅब धरला. टॅबवर माझा घसा. आत आवाजाच्या दोन पांढऱ्या पट्ट्या उघडझाप करत होत्या आन् एकीच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा फोड.

"हा पॉलिप," मॅडम बोलल्या. त्यांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. कणीची झाली सुपारी. "कॅन्सर वाटत नाही, पण काढून तपासायला पाठवू."

मला वाक्याचा शेवट ऐकू आला. आईला एकच शब्द, कॅन्सर. ती गाडीत पोलादपूरपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन बसली, खिडकीकडे बघत. मी कंडक्टरचा आवाज काढून तिला हसवायला गेलो, तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "आता नको रे."

निघताना मी मॅडमना विचारलं होतं, आवाज परत येईल ना?

"येईल," त्या बोलल्या. "तोच येईल, हे मी सांगू शकत नाही."

खरं सांगू, त्या कॅन्सर शब्दापेक्षा मला ह्या वाक्याची जास्त भीती वाटली. मी कोण हाय? मी सतरा लोकांचा आवाज हाय. तो गेला तर मागे राहतो तो नुसता सुज्या, त्याला कोण हळदीला बोलावणार.

टॅबसर

आता ज्याच्यावर सूड घ्यायचाय, तो माणूस येतो.

दवाखान्यात नवीन टॅब आले होते. पेशंट दाखल झाला की त्याच्यासमोर टॅब ठेवायचा, आतली बाई मराठीत प्रश्न विचारणार, पेशंटने तोंडाने उत्तर द्यायचं, बाई लिहून घेणार. तेच पुढे ऑपरेशनच्या खोलीत डॉक्टरांच्या टॅबवर दिसणार. सिस्टरचा वेळ वाचतो बोलले. ह्या सगळ्यावर एक माणूस नेमलेला. वय माझ्यापेक्षा थोडंच जास्त, इस्त्रीचा शर्ट, तोंडात पेनाचं टोपण. सगळे त्याला टॅबसर बोलायचे. बोलणं असं की वाटावं सदाशिव पेठेत जन्मला आन् महाडात फक्त चहाला उतरलाय. दर वाक्याला "ॲक्च्युअली काय आहे ना" आन् शेवटी स्वतःच विचारायचं "ओके?" आन् स्वतःच सांगायचं "ओके."

आईला त्याने बाहेर बसवलं. "नातेवाईक मध्ये बोलतात, सिस्टिम कन्फ्यूज होते. ओके? ओके."

टॅबमधल्या बाईने नाव विचारलं, वय विचारलं. मग बोलली, "आपल्याला कोणत्याही औषधाची ॲलर्जी आहे का?"

मला हाय. दुखण्यावरचं एक इंजेक्शन असतं ना, कमरेत देतात ते. लहानपणी दिलं होतं तर तोंड फणसाएवढं झालं होतं, डोळे बंद. तेव्हापासून आई कुठल्याही दवाखान्यात दाखल करताना सगळ्यात आधी हे सांगते. ती बाहेर बसलेली.

मी बोललो, "हाय."

बाई बोलली, "नमस्कार. पुढचा प्रश्न."

मला आधी हसायला आलं. मी टॅबसरला सांगितलं, "सर, ही बाई मला नमस्कार करते. मी बोललो हाय, म्हंजे ॲलर्जी हाय. दुखण्याच्या इंजेक्शनची."

त्याने तोंडातलं टोपण काढलं. "हाय काय? हाय-बाय करायला ती तुमची मैत्रीण आहे का? नीट मराठीत बोला. आहे म्हणा, आहे."

"आहे," मी बोललो. तोपर्यंत बाई झोपेच्या तासांवर गेली होती.

"मागे जाता येत नाही. मी नंतर भरतो. ओके? ओके."

त्याने भरलं नाय. रकाना रिकामा राहिला, आन् रिकामा म्हंजे 'नाही' असं त्या टॅबचं गणित.

मला राग बाईचा नाय आला. ती यंत्र हाय, तिला कोणी इंग्रजी हाय शिकवलंय, आमचं शिकवलं नाय. पण ह्या माणसाला कळलं होतं. त्याने कान उघडे ठेवून ऐकलं होतं आन् मग माझी जीभ सुधारत बसला.

टेबलावर

मागून बांधायचा हिरवा झगा घालून माणूस ऑपरेशनच्या खोलीत जातो, तेव्हा त्याचा सगळा रुबाब दारात राहतो. एवढी थंडी की दात वाजत होते. मॅडमचा टॅब स्टँडवर, त्याच्यावर माझा घसा. भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या टॅबवरून मोठ्याने वाचत होते. नाव बरोबर. घसा, डावी बाजू. ॲलर्जी, नाही.

मी मान उचलली. तोंडावर मास्क येत होता. मी जीव तोडून बोललो, "हाय, हाय."

डॉक्टर मायेने वाकले. "हाय हाय काय करता, अजून सुरूच नाही केलं. दीर्घ श्वास घ्या."

मी घेतला. दुसरा इलाज नव्हता.

सूज

जाग आली तेव्हा घशात काट्यांची पेंढी. मॅडमनी आधीच सक्त सांगितलं होतं, आता बोलायचं नाय, कुजबुजायचं तर त्याहून नाय, कुजबुजल्याने पट्ट्यांना जास्त त्रास होतो. बोलायला म्हणून हातात तोच टॅब दिलेला. मी लिहायचं, बाईने बोलायचं. माझ्या तोंडात आता तीच बाई.

सिस्टर आमच्या पोलादपूरची होती, मनाने चांगली. सुई घेऊन आली. "दुखतंय ना रे? आता थांबेल बघ." मी हात हलवून नको नको केलं. ती हसली. "एवढा बाप्या गडी आन् सुईला भितोस." माझा हात टॅबवर जायच्या आत सुई टोचून झाली होती.

थोड्या वेळाने ओठ जड झाले. मग पापण्या. मग गळ्याला आतून कोणीतरी मूठ आवळायला लागलं. मी टॅब ओढला आन् लिहिलं, सूज. बाई शांतपणे बोलली, "सूज."

सिस्टर कोपऱ्यात पाठमोरी, दुसऱ्याची सलाईनची बाटली बदलत होती. बोलली, "हां रे सुज, हायस हायस, तूच हायस. भूल उतरताना सगळे आपलं नाव सांगतात."

मी परत दाबलं. "सूज," बाई बोलली. "सूज. सूज."

"कळलं रे राजा. सुजित. झोप."

तेव्हा मी ओरडलो. ओरडायचं नाय हे माहीत असून ओरडलो. काय आवाज निघाला ते मला सांगता येत नाय, फाटलेल्या पत्र्यातून वारा गेल्यासारखा. त्या आवाजाला आई दार ढकलून आत आली. तिने माझं तोंड बघितलं आन् सिस्टरला बोलली, "ह्याला ते इंजेक्शन दिलंस काय गो?"

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. धावपळ, हाताला दुसऱ्या सुया, नाकावर ऑक्सिजन, सिस्टरचा पांढराफटक चेहरा. मूठ हळूहळू सैल झाली. मी जगलो ते आईमुळे. टॅबमुळे नाय, टॅबसरमुळे तर नायच.

खोटारडा कोण

मॅडम आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी होती. "ॲलर्जी होती तर सांगायला हवं होतं हो तुम्ही."

टॅबसर त्यांच्या मागे उभा. टॅब छातीशी धरलेला, देवळात ताट धरतात तसा. "ॲक्च्युअली काय आहे ना मॅडम, पेशंटने 'नाही' सांगितलंय. सिस्टिममध्ये आहे. ओके."

तो माझ्याकडे बघून बोलला. डोळ्यांत डोळे घालून. त्याला माहीत होतं मला बोलता येत नाय.

मॅडमनी परत नळी घातली. पट्टी लाल झाली होती, सुजली होती. "तुम्ही ओरडलात, ते वाईट झालं," त्या बोलल्या. "आता पूर्ण शांतता. किती सुधारेल ते नंतरच कळेल."

ते ऐकून मला रडू यायला पायजे होतं. आलं नाय. मी टॅबसरचे बूट बघत होतो आन् मनात एकच गोष्ट चालू होती, मला ह्याचा आवाज घ्यायचाय.

त्याहून वाईट पुढे झालं. सगळे गेल्यावर आई खाटेवर बसली. "खरं सांग. त्या बाईला वाकुल्या दाखवल्यास ना? मस्करी केलीस तिची?"

मी मान हलवली. फोनवर लिहून दाखवलं, सांगितलं होतं मी. त्याने भरलं नाय.

आईने वाचलं. चष्मा काढून पदराने पुसला. "लिहून काय रे, कायपण लिहशील. तो शिकलेला माणूस खोटं कशाला बोलेल? तू जन्मभर मस्करी केलीस, सुज्या. आता कोण विश्वास ठेवणार?"

जोकर माणसाचं हे असं असतं. सगळ्यांना हसवतो, म्हणून साक्षीला कोण उभा करत नाय.

गप्प बसायचे दिवस

घरी आलो. तपासायला पाठवलेला तुकडा साधा निघाला, आईने देवाला नारळ फोडला. पण बोलणं बंदच.

ज्यांना असं गप्प राहायचंय त्यांना सांगतो. घरच्यांबरोबर खुणा आधीच ठरवून घ्या. एक टाळी म्हंजे पाणी, दोन म्हंजे इकडे ये, ताट वाजवलं म्हंजे जीव चाललाय. ॲलर्जी असेल तर हातावर पेनाने लिहा, मोठ्या अक्षरात, आन् ज्याच्या हातात सुई हाय त्याच्या नाकाखाली तो हात धरा. आन् पेज थंड करून खा, गरम नको.

आन् एक दोस्त ठेवा. इम्तियाज रोज यायचा आन् दोघांच्या वाटचं बोलायचा. "क्या रे सुज्या, कसा हायस? मी बरा हाय रे इम्तियाज. आवाज कधी येणार? येईल रे. बरं, मग ती सेलची जाहिरात मी बोलतो, लोक दुकान बंद करून पळून गेले तर मला बोलू नको." माझी नक्कल एवढी वाईट कोणी केली नाय. मी आतल्या आत हसून मरायचो.

गप्प माणसाला ऐकू फार येतं. तपासणीला जायचो तेव्हा बाकड्यावर बसून मी टॅबसरला ऐकायचो. तो मला घाबरत नव्हता, मुक्याला कोण घाबरतं. टोपण दाताखाली असताना त्याचा 'स' कसा घसरतो, 'सिस्टिम' बोलताना नाकातून किती हवा जाते, 'ओके' दुसऱ्यांदा किती खाली उतरतो, सगळं मी गोळा केलं. दिवाळीला पोरं फटाके साठवतात तसं.

एके दिवशी त्याचा फोन वाजला. इकडे तिकडे बघून तो खिडकीकडे वळला. मी खिडकीखालीच होतो.

"हाय गो आये, जेवलंय. नाय, येतंय शनवारी वरंधला. हाय गो, हाय."

मी बाकड्यावर टाचा आपटल्या आनंदाने. महाडच्या पलीकडच्या वरंधचा. माझ्यासारखाच. हाय बोलून मोठा झालेला, आन् मला बोलला, नीट मराठीत बोला.

पहिला शब्द

बोलायचा दिवस आला. मॅडमच्या खोलीत मी, आई आन् टॅब घेऊन टॅबसर. नळी आत गेली. टॅबवर पट्ट्या हलल्या. डावीवर थोडी जाडी राहिली होती.

"ही राहील कदाचित," मॅडम बोलल्या. "पण बोला आता. सावकाश. नुसतं 'आ' म्हणा. नाही तर आईला हाक मारा."

आई खुर्चीच्या कडेला सरकली. बिचारी एवढे दिवस त्याच हाकेची वाट बघत होती.

मला कळत होतं. पण पहिला शब्द कोणाला द्यायचा हे मी खाटेवरच ठरवलं होतं.

मी श्वास घेतला आन् टॅबमधल्या बाईपासून सुरुवात केली. "आपल्याला कोणत्याही औषधाची..." बाई आलीच नाय. वर चढायच्या आधीच फाटली. त्या क्षणाला कळलं की सून गेली, बाई गेली, बारीक आवाज सगळे गेले. माझ्या अंगाला घाम आला. मी थांबलो असतो. पण मी टॅबसरच्या तोंडातलं टोपण बघितलं.

आन् त्याचा आवाज आला. तसाच्या तसा. नाकातल्या हवेसकट, घसरणाऱ्या 'स'सकट.

"हाय काय? हाय-बाय करायला ती तुमची मैत्रीण आहे का? नीट मराठीत बोला. आहे म्हणा, आहे. मागे जाता येत नाही. मी नंतर भरतो. ओके? ओके."

मॅडम माझ्याकडे नाय, टॅबसरकडे बघत होत्या. तो आवाज त्या रोज ऐकत होत्या.

"हे काय आहे?" त्या बोलल्या.

"मस्करी करतोय मॅडम," टॅबसर बोलला. "ॲक्च्युअली काय आहे ना..."

"तो प्रश्न लावा बरं. बघू दे मला."

त्याने टॅब टेबलावर ठेवला, प्रश्न लावला. बाई बोलली, "आपल्याला कोणत्याही औषधाची ॲलर्जी आहे का?" आन् उत्तराची वाट बघत राहिली.

मॅडमनी टॅबकडे बघितलंच नाय. "ह्यांनी तुम्हाला तोंडी सांगितलं होतं? आठवतंय का? माझ्याकडे बघून सांगा."

त्याच्या मानेवर घामाचा ओघळ. टोपण खाली पडलं. सदाशिव पेठ कुठल्या कुठे गेली.

"हाय मॅडम," तो बोलला.

"नमस्कार," बाई बोलली. "पुढचा प्रश्न."

मॅडमनी टॅब स्वतःकडे ओढला. मग हळू आवाजात बोलल्या, "इथल्या किती लोकांना हिने नमस्कार केलाय आत्तापर्यंत?"

टॅबसरने माझ्याकडे बघून पुटपुटल्यासारखं केलं, "आय ॲम रिअली सॉरी."

माझा स्वतःचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. जाडा, खरखरीत, अनोळखी. "माझ्याशी नाय. आईशी. आन् नीट मराठीत बोला."

तो आईसमोर वाकला. "चुकलं माझं, मावशे."

आईने माझा हात धरला, आन् जिन्यापर्यंत सोडला नाय. "पहिला शब्द त्या मेल्याला दिलास," एवढंच बोलली. पण विश्वास ठेवला. मला तेच पायजे होतं.

नंतर

आता त्या दवाखान्यात ॲलर्जी सिस्टर तोंडाने विचारते, घरच्यांच्या समोर. टॅब हायत, मॅडम घसा त्याच्यावरच दाखवतात, त्यात काय वाईट नाय. टॅबसरला तिथून हलवून बिलाच्या खिडकीत बसवलंय.

माझा आवाज अर्धा आला. सून परत आली नाय. चाचा आला, गाईड आला, मुख्याध्यापक तर आता असे येतात की त्यांनाच सर्दी झाल्यासारखं वाटतं. आन् एक नवीन नक्कल सगळ्यांच्या वर चाललीय. टॅबवाला आन् टॅबबाय. बाईचा आवाज इम्तियाज काढतो, वाईट काढतो, म्हणून जास्त हसतात.

मागच्या महिन्यात वरंधची हळद आली. इम्तियाज बोलला, "जाऊ दे ना यार, तिकडे दुसरं काय तरी कर." मी टॅबवालाच केला. दुसऱ्या रांगेत एक म्हातारी पदर तोंडाला लावून हसत होती, हसून हसून तिचे डोळे गळत होते. शेजारी तिचा पोरगा, इस्त्रीच्या शर्टात. तिने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली, "बघ रे, कसा बोलतंय तो, येडा कुठला." त्याला हसावं लागलं. आईला सोडून उठून पण जाता येत नव्हतं. मी ती नक्कल नेहमीपेक्षा लांबवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चहाचा कप पुढे ठेवला. इम्तियाजने तिला सगळं सांगितलं होतं.

"झालं ना आता तुझं? माफ केलंस त्याला?"

"नाय."

"अजून राग हाय?"

मी चहाचा घोट घेतला. घसा आता दुखत नाय.

"हाय," मी बोललो. ह्या वेळेला कोणी नमस्कार केला नाय.